नाल्याकडचं दार

गावात कुणाला नवं घर बांधायचं असलं, की लटारू मिस्त्रीच्या आधी बोलावणं जायचं ते इंदिराबाईला. लटारू यावर कुरकुरायचा, पण मनातून त्याला ते सोयीचंच होतं. उद्या घरात धूर कोंडला तर शिव्या इंदिराबाईने खायच्या, त्याने नाही.

पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलाला पाठ टेकवून वसलेलं ढिवरांचं गाव ते. बोडीतली, म्हणजे गावतळ्यातली, मासोळी, थोडी धानाची शेती आणि उन्हाळ्यात मोहफुलं, यावर सगळ्यांचं चाललेलं. घरं साधीच, पण इंदिराबाईचा थाट असा की जणू राजवाड्याचा पाया घालायचाय. रिकाम्या जागेच्या मधोमध ती ओलसर तणसीची, धानाच्या पेंढ्याची, मूठ पेटवायची आणि धूर कुठे पळतो ते कमरेवर हात ठेवून बघत राहायची. धूर जाईल त्या बाजूला चूल. मावळतीच्या भिंतीला खिडकी मागितली, तर मागणाऱ्यालाच विचारायची, ‘‘मे महिन्यात तू भाजला जाशीन का तुया लेकराईले भाजशीन?’’ लटारूने चुन्याच्या फक्कीने खोल्या आखल्या, की ती रिकामी घागर कमरेवर घेऊन त्या रेघांमधून चालायची, उद्याची सून जशी चालेल तशी. पाण्यापासून चुलीपर्यंत, चुलीपासून मागच्या दारापर्यंत. वळताना नसलेल्या भिंतीवर तिचं कोपर आपटायचं आणि ती ओरडायची, ‘‘पूस हे फक्की!’’ पोरंटोरं खो-खो हसायची. लटारू निमूटपणे रेघ पुसायचा.

या सगळ्यावर वाद चालायचा. एका गोष्टीवर मात्र चालायचा नाही. संडास सांदवाडीच्या, म्हणजे मागच्या परसाच्या, पार टोकाला. घराकडे त्याची पाठ आणि दार पलीकडे, नाल्याकडे. जायची वाटही कुडाच्या आडून. तिकडे रायमुनियाची झुडपं आणि त्यामागे जंगल. घरातून पाहिलं तर दिसावी नुसती कोरी भिंत. आत कोण गेलं, कोण आलं, कुणाला कळता कामा नये.

हे तिने कुठे ऐकलं नव्हतं. हे तिच्या पोटातून आलेलं होतं. लग्न होऊन ती आली तेव्हा गावात संडास नव्हतेच, बाया नाल्यावर जायच्या. तिचा सासरा पोचू दिवसभर अंगणात दोरीच्या बाजेवर बसून असायचा, तोंड नेमकं मागच्या वाटेकडे. माणूस वाईट नव्हता. पण हातात डबा घेऊन सून निघाली की खाकरायचा आणि विचारायचा, ‘‘कोन जाऊन राह्यला?’’ एवढंच. त्या एवढ्यानेच इंदिराबाईचे पाय जमिनीला चिकटायचे. ती परत फिरायची आणि अंधार पडेपर्यंत कळा सोसत बसायची. पोट दुखून दुखून ताप यायचा. वैदूने पाला दिला, सासूने दृष्ट काढली, खरं कारण सांगायचं कुणाला? पुढे सरकारी योजनेतून संडास आले तेव्हा तिने पहिलं काम केलं ते हे. गावातल्या एकाही सुनेवर कुणाची नजर पडणार नाही अशी दारं तिने नाल्याकडे फिरवली. बायांनी तिला दुवा दिला. खोटं कशाला सांगा, त्या दिवशी ती मनातून फार फुगली होती.

वाघ तेव्हाही होते, पण ते जंगलात होते. मग हळूहळू बातम्या जवळ यायला लागल्या. कुणाची बकरी गेली, कुणाचा बैल. मोहफुलं वेचायला गेलेली शेजारच्या गावची बाई परत आली नाही. मग एका सकाळी नाल्याच्या ओल्या वाळूत पंजे उमटलेले दिसले, ताटलीएवढे. गाव दिवेलागणीला घरात शिरू लागलं. तरी इंदिराबाईच्या डोक्यात वाघ आणि संडासाचं दार या दोन गोष्टींची गाठ काही पडली नाही.

ती पडली होती सुनेच्या डोक्यात. साधना ब्रह्मपुरीची. माहेरी संडास घरातच, बटन दाबलं की उजेड. इथे आल्यापासून सांज कलली की तिचा चेहरा उतरायचा. पाणी प्यायचीच ती मोजकं. एकदा भाकरी थापता थापता तिने विषय काढलाच.

‘‘आई, आपल्या संडासाचं दार घराकडं करता येईन का?’’

‘‘काऊन?’’

‘‘बाहेर निंघतानी समोर जंगलच येते. घरातल्यायले आपन दिसत नाई. मले भेव लागते.’’

‘‘अन् तुये सासरे बसते आंगनात. त्यायच्या समोरून डबा घेऊन जाशीन?’’ इंदिराबाई फणकारली. ‘‘भेव वाघाचं दोन दिवस राह्यते बाई. शरम जनमभर राह्यते.’’

साधनाने तव्यावरची भाकरी उलटली. संडासाच्या पत्र्याच्या दाराची कडी तुटलेली होती, निदान ती तरी लावा, एवढं ती नवऱ्याला म्हणाली. सुरेंद्र म्हणाला, उद्या लावतो. त्याचा उद्या कसा असतो ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तोवर दाराला सुतळी बांधलेली. आत गेलं की सुतळीचं टोक हातात धरून बसायचं.

धान कापून झालं होतं, थंडी सुटली होती. त्या दिवशी दुपारी शेजारच्या विनोदचं वासरू नाल्याकडे चरायला गेलं ते आलं नाही. येईल म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही. सांजेला जवळच्या गावातल्या नाटकाची जाहिरात करणारा ऑटो भोंगा लावून गल्लीत शिरला, हिरोईनचं नाव, तिकिटाचा भाव, मधेच गाणं. पोरं त्याच्यामागे धावली. इंदिराबाई चुलीशी बसून झिंग्यांना फोडणी देत होती. साधना डबा घेऊन मागच्या दाराने गेली.

ऑटो बराच वेळ चौकात कोकलत उभा राहिला. तो गेल्यावर गाव एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत इंदिराबाईच्या लक्षात आलं की सून परतलेली नाही.

ती मागच्या दारात आली. समोर सांदवाडी, वांग्याची झाडं, तणसीचा ढीग आणि टोकाला संडासाची कोरी भिंत. काही दिसत नव्हतं. दिसू नये म्हणूनच तर ती भिंत होती.

‘‘साधना, वो साधना!’’

भिंतीच्या मागून आवाज आला, इतका बारीक की तिला आधी तो सुनेचा वाटलाच नाही. ‘‘आई, येऊ नोका. समोर बसला हाये.’’

‘‘कोन?’’

उत्तर साधनाने दिलं नाही. झुडपातून एक गुरगुर उठली, खोल, जमिनीतून आल्यासारखी. इंदिराबाईच्या तळपायातून ती वर चढली.

उमाजी, तिचा नवरा, अंगणातून धावत आला. सुरेंद्रही आला. भिंतीआडून साधना तुटक तुटक सांगत होती. ऑटोचा भोंगा वाजत असताना तिने कितीदा तरी हाका मारल्या होत्या. वाघाने विनोदचं वासरू मारून झुडपात ओढलं होतं, दाराच्या अगदी समोर, आणि तो त्यावर बसला होता; आत शिरताना झुडपात तो तिला दिसलाच नव्हता. दार उघडून बाजूने वळून घराकडे यायचं तर त्याच्या तोंडासमोरून यावं लागणार. दारात कडी नाही. सुतळी तिने दोन्ही हातांना गुंडाळून धरली होती.

सुरेंद्र कुऱ्हाड घेऊन निघाला तेव्हा उमाजीने त्याचं मनगट धरलं. ‘‘येडा झाला का? शिकार सोडून उठला तर पयले दारावरच येईन.’’ वनविभागाला फोन लावला. पथक लांबच्या गावी होतं. निघतो म्हणाले, पण तोवर गर्दी करू नका, आरडाओरडा करू नका, फटाके तर अजिबात नको. तोवर म्हणजे किती? उजेड भराभर उतरत होता. शेजारीपाजारी कुडाच्या पलीकडे येऊन उभे राहिले, तोंडावर हात ठेवून.

आणि इंदिराबाई त्या भिंतीकडे बघत होती. बोडीत छातीएवढ्या पाण्यात उतरून जाळं लावताना पाणसाप दिसला तरी न डगमगणारी बाई ती, आता मात्र तिची नजर भिंतीवरून हटत नव्हती. ही भिंत तिने उभी करायला लावली होती. लटारूने तिला तेव्हा विचारलंही होतं, बाई, दार इकडे केलं तर काय बिघडते? आणि तिने त्याला झापलं होतं.

‘‘भिंत फोडा,’’ ती म्हणाली.

‘‘काय?’’

‘‘इकडून फोडा. चार इंची तर हाये. इकडून काढा तिले.’’

घाव घालून चालणार नव्हतं. पहिल्याच दणक्याला तो उठला असता. उमाजी विळ्याच्या टोकाने विटांमधलं सिमेंट खरवडू लागला आणि सुरेंद्र सब्बलीचं टोक सांधीत घालून वीट हळूहळू आपल्याकडे ओढू लागला. वीट करकरली की तिघेही दगड व्हायचे. झुडपात हाड मोडल्याचा आवाज यायचा, मग पुन्हा खरवडणं सुरू. लटारूचं काम नेमकं इथेच चांगलं निघालं. एक वीट सुटता सुटेना. सुरेंद्रचा घाम थंडीतही नाकावरून टपकत होता. ‘‘उद्या लावतो म्हनलं होतं मी,’’ तो पुटपुटला, ‘‘उद्या लावतो म्हनलं होतं.’’ उमाजीने त्याला कोपराने ढोसून गप्प केलं.

एक वीट निघाली. मग तिच्या शेजारची. गुडघ्याच्या उंचीला भगदाड पडलं तेव्हा इंदिराबाई मातीत आडवी झाली आणि तिने आत डोकं घातलं.

आत साधना पाठमोरी उकिडवी बसली होती, दोन्ही हात पुढे, सुतळी मनगटात रुतलेली. तिच्या पलीकडे पत्र्याचं दार, आणि दाराखाली वीतभर फट. त्या फटीतून इंदिराबाईने पाहिलं. मावळता उजेड, चिरडलेलं गवत, वासराचा एक पाय आणि त्या पायावर ठेवलेला पंजा. मधे एक पत्रा, बस्स.

आपण आखलेलं घर सुनेच्या वाटेने आपण नेहमी चालून बघायचो. घागर घेऊन, कोपर आपटून. इथे मात्र आपण रोज आलो, पण सुनेच्या डोळ्यांनी कधी समोर बघितलं नव्हतं, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं.

‘‘साधना,’’ ती कुजबुजली, ‘‘मागं सरक.’’

‘‘सुतळी सोडली तर दार उघडते आई.’’

खरंच होतं. दाराच्या बिजागऱ्यांना कल होता, ते आपोआप बाहेर उघडायचं आणि कधी कधी कुडाला जाऊन आदळायचं. एवढा आवाज, एवढी हालचाल, आणि समोर तो.

इंदिराबाई मागे सरकली. बाजूच्या कुडावर जाळं वाळत टाकलं होतं. तिने त्याची कडेची नायलॉनची दोरी विळ्याने कापून ओढून घेतली. पोटच्या पोरासारखं जाळं जपणारी बाई, पण तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नाही. दोरीचं टोक तिने भगदाडातून आत सरकवलं. ‘‘सुतळीले बांध. गाठ घट मार. दुसरं टोक माया हातात हाये.’’

साधनाची बोटं बधिर झाली होती. गाठ एकदा सुटली. बाहेर इंदिराबाई दोरी मुठीभोवती गुंडाळून, पाय भिंतीला टेकवून बसली. मग दोरीला ताण आला. दार आता तिच्या हातात होतं.

‘‘ये बाई आता. हळू ये.’’

साधना मागच्या मागे सरपटू लागली. आधी पायांचे तळवे, मग पोटऱ्या बाहेर आल्या. लुगडं विटेला अडकलं, सुरेंद्रने ते फाडलं. फाडल्याचा आवाज झाला आणि झुडपातलं खाणं थांबलं.

गवत सरसरलं. आणि मग इंदिराबाईच्या मुठीतली दोरी हलली. जाळ्यात मोठी मरळ अंग घासून जावी तशी, सावकाश, जड. दाराला बाहेरून काहीतरी टेकलं होतं. आयुष्यभर दोरीच्या टोकाला काय आहे हे हातानेच ओळखत आलेली ती. आत्ताही तिला ओळखू आलं. आतून साधनाने एक हुंदका गिळला. इंदिराबाईच्या तळहातात दोरी कापत गेली, रक्त आलं, पण तिने ताण तसूभर वाढवला नाही की सोडला नाही. वाढवला असता तर पत्रा वाजला असता. मनात देव आठवायचा प्रयत्न केला, पण एकाही देवाचं नाव आठवेना. नुसतं ‘जा, जा, जा’ एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

दोरी हलायची थांबली. बऱ्याच वेळाने झुडपात पुन्हा हाड मोडलं.

सुरेंद्रने साधनाला काखेत धरून बाहेर खेचलं आणि उचलून घरात नेलं. इंदिराबाई दोरी सोडायला तयार नव्हती. उमाजीने तिची बोटं एकेक करून उलगडली आणि दोरी सांदवाडीतल्या मोहाच्या बुंध्याला बांधली.

पथक आलं, बॅटऱ्या फिरल्या, सगळ्यांना घरात बसवलं गेलं. पहाटे कधीतरी वाघ उरलेलं वासरू ओढत नाल्यापार गेला. साधनाला ताप भरला होता. इंदिराबाई तिच्या उशाशी बसून होती. माफी मागायची तिच्या तोंडाला सवय नव्हती. ती नुसती सुनेच्या मनगटावरचे वळ हळद-तेलाने चोळत होती. साधनाने डोळे उघडले की चोळायची थांबायची, मिटले की पुन्हा चोळायची. शेवटी साधनाच म्हणाली, ‘‘आई, पानी द्या. तांब्याभर द्या.’’ तेव्हा इंदिराबाईला रडू फुटलं. ही पोरगी आल्यापासून घोट-घोट का पीत होती ते तिला आता कळलं, आणि तेच आपणही तिच्या वयात करत होतो हेही आठवलं.

दुसऱ्या दिवशी लटारू विटा आणि सिमेंट घेऊन भगदाड बुजवायला आला. इंदिराबाईने त्याला अडवलं.

‘‘हे नोको बुजवू. ते बुजव.’’ तिने नाल्याकडच्या दाराकडे बोट केलं. ‘‘अन् इथी चौकट लाव. कडी आतून, बाहेरून.’’

लटारूने डोकं खाजवलं. ‘‘बाई, आंगनातून सरळ दिसन.’’

‘‘दिसू दे.’’

‘‘अन् बाकीच्या घरायचं?’’

‘‘त्यायचंबी सांगतो मी. मीच सांगतलं होतं ना तसं? आता मीच सांगतो.’’ लटारूला वाटलं बाई भांडेल, पण तिच्या आवाजात भांडण नव्हतं. रायमुनियात पाखरू फडफडलं तरी ती दचकत होती.

दार फिरलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते आता नीट दिसत होतं. सांगायला सोपं, पण पहिल्या सांजेला खुद्द इंदिराबाईच डबा घेऊन मागच्या दारात अडली. उमाजी अंगणात बाजेवर बसला होता, बापाच्याच जागी, बापासारखंच तोंड करून. समोर उघडी वाट, वाटेच्या टोकाला नवं दार, पलीकडे अंधारत आलेलं जंगल. वाघाच्या भीतीने पाय कापत होते म्हणावं तर तेही खरं नव्हतं. ही जुनी भीती होती. पोटात तशीच कळ आली. आता तो खाकरेल, आता विचारेल. म्हातारी झाली होती ती, तरी तिचे पाय जमिनीला चिकटले.

उमाजीने वर पाहिलं. बायको डबा घेऊन उभी, पुढेही येत नाही, मागेही जात नाही. उठला, बाज उचलली, फिरवून रस्त्याकडे तोंड करून ठेवली आणि तिच्यावर बसून बिडी पेटवली.

इंदिराबाई त्याच्या पाठीकडे बघतच राहिली.

‘‘एवढंच होतं?’’ ती म्हणाली.

‘‘काय?’’ त्याने मागे न वळता विचारलं.

‘‘बाज फिरवाले एवढाच वेळ लागते? तुमच्या बापाच्या काऊन नाई आलं ध्यानात? अन् माया?’’ ती एक पाऊल पुढे आली. ‘‘मी गावभर दारं वाघाकडं फिरवली, अन् बाज फिरवा म्हनून एका मानसाले सांगतलं नाई!’’

उमाजी बिडी ओढत रस्त्याकडे बघत राहिला. इंदिराबाईने पदराने तोंड पुसलं आणि वाटेला लागली. स्वयंपाकघराच्या खिडकीत साधना येऊन उभी राहिली होती, आणि सासू परत येईपर्यंत ती तिथून हलली नाही.